सत्तेचाळिसाव्या भागावरच्या प्रतिक्रिया

सोमवार, ४ तारीख

आले एकदाची! सामान म्हणजे दोन बॅगा, एक गादी आणि ही वही. वही ताईने निघताना हातात कोंबली. रोज चार ओळी लिही, नाहीतर तिकडे जाऊन आम्हाला विसरशील, म्हणाली. विसरायला काय झालंय, तिचा फोन दिवसातून तीनदा येतोच.

खोली तिसऱ्या मजल्यावर आहे. दोन खिडक्या, एक कपाट, रंग इतका ताजा की भिंतीला टेकलं की पाठ पांढरी. खाली घरमालकीणकाकू एकट्या राहतात. गुडघ्यांनी अधू, पण जिभेने ठणठणीत. मी कुठे नोकरीला लागले हे सांगितलं आणि त्यांनी माझा हात धरला तो सोडेचनात. ‘लोहपंख’ त्या पहिल्या भागापासून बघतात. कारखान्यातला साधा वेल्डर, संकट आलं की पाठीतून लोखंडी पंख फुटतात, आणि जगात त्याचं म्हणून एकच माणूस, त्याची बहीण. तिला सगळे धाकटी म्हणतात. काकूंचं म्हणणं, पंखबिंख ठीक आहेत, पण मालिका उभी आहे ती धाकटीच्या जिवावर. पोटच्या पोरीबद्दल बोलावं तशा बोलत होत्या. तिला सांग हो, म्हणाल्या, फार वाळलीये, दोन घास जास्त खा म्हणावं.

सांगते म्हटलं. काय करणार!

मंगळवार, ५

आमचं खातं म्हणजे ‘प्रेक्षक विभाग’. विभाग म्हणजे मी, दोन संगणक आणि पाणी न मिळालेली एक कुंडी. दर शुक्रवारी संध्याकाळी सातला भाग लागतो. तो संपला की लोक वाहिनीच्या पानावर जे काही लिहितात ते वाचायचं आणि पाच रकान्यांत टाकायचं: प्रेम, राग, रडणं, धमकी, फालतू. शनिवारी सकाळी त्याचा तक्ता मोठ्या बाईंच्या टेबलावर. चार वर्षं शिकवणीत पोरांचे निबंध तपासले, त्यामुळे हा माझ्या हातचा मळ. मोठ्या बाई म्हणजे आमच्या प्रमुख. उंचीने माझ्या खांद्याला लागतील, पण त्या दारात आल्या की माणसं बसल्या जागी सरळ होतात.

सरावासाठी जुन्या प्रतिक्रिया वाचल्या. हसून पोट दुखलं. एक आजोबा दर आठवड्याला लिहितात की त्या मुलाला पंखांवरून घालता येईल असा स्वेटर विणून द्या. एका बाईने नवऱ्याची तक्रार केलीये की तो आता बाजारात पाठवलं तरी उडत जाऊ का विचारतो.

पलीकडच्या खोलीत लेखिकाबाई बसतात. साठीच्या आसपास. सगळ्या पेन्सिलींची टोकं चावलेली, चहा मुद्दाम गार करून पितात. घरी त्यांचे नव्वदीचे वडील असतात. दर दोन तासांनी त्या फोन करून त्यांना पाणी प्यायची आठवण करतात. ओळख करून घ्यायला गेले तर काही न विचारता डब्यातलं अर्धं माझ्यापुढे सरकवलं. म्हणाल्या, प्रतिक्रिया तू वाच बाई, मी वाचत नाही. वाचल्या की पात्रं गप्प होतात आणि तीच माणसं डोक्यात बोलत बसतात.

मला आवडल्या. आमच्या आत्यासारख्या आहेत.

शुक्रवार, ८

आज भाग सत्तेचाळीस.

जेवताना लेखिकाबाईंनी सगळाच डबा माझ्यापुढे सरकवला. शेवटी मला सांगितलं. आज धाकटी मरते. पाण्याच्या टाकीवरून पडते आणि लोहपंख तीन श्वास उशिरा पोचतो. हे त्यांनी ठरवलेलं नाही. धाकटीचं काम करणाऱ्या मुलीने सुट्टी मागितली म्हणून मोठ्या बाई चिडल्या आणि म्हणाल्या, मग कायमचीच देऊ. लेखिकाबाई दोन आठवडे भांडल्या, हरल्या, आणि तो प्रसंग रडत रडत लिहिला. कुणाला बोलू नकोस म्हणाल्या.

साडेसातनंतर जे सुरू झालं त्याला मी पूर म्हणणार नाही, पुराला निदान किनारा असतो. चार तास वाचत होते. “माझी आई जेवली नाही.” “आमच्या घरात दिवे बंद करून बसलोय.” “ती पडताना चप्पल निसटते ते कशाला दाखवलंत, माणसं आहात का?” “धाकटीला मारलंत, तुमच्या घरात कुणी नाही का मरायला?”

हे शेवटचं धमकीत टाकू की रागात, यावर मी दहा मिनिटं घालवली. रागात टाकलं.

घरी आले तर काकू जिन्यातच बसल्या होत्या. डोळे सुजलेले. माझ्याशी बोलल्या नाहीत.

शनिवार, ९

मोठ्या बाईंनी तक्ता माझ्या खोलीत येऊन उभ्याउभ्याच वाचला. शंभरातले सत्तर राग. मला वाटलं रागावतील. पण त्या खुर्चीवर बसल्या आणि मला समजावून सांगायला लागल्या, अगदी प्रेमाने. राग भरपूर आहे पण त्याला पत्ता नाही, म्हणाल्या. पत्ता नसलेलं पत्र फिरून आपल्याच दारात येतं. लोक मालिकेवर चिडले तर मालिका बुडते. एका माणसावर चिडले तर पुढच्या शुक्रवारी झाडून सगळे बघायला बसतात.

मग त्या माझ्या आणि लेखिकाबाईंच्या खोलीमधल्या भिंतीकडे बघत राहिल्या.

मी काही सांगितलेलं नाही हं, असंही जाताना सांगितलं. आणि माझी भाषा चांगली आहे, असं.

रविवार, १०

लिहिलं.

‘आतली’ या नावाने. आतली बातमी देणारी म्हणून आतली. इथे उतरवून ठेवते, कारण जमलंय चांगलं: “मी आत काम करते. नाव सांगता येत नाही. धाकटीला मारू नका म्हणून सगळ्यांनी हात जोडले. एकाच निर्दय बाईने ऐकलं नाही. लिहिणारीनेच. निर्दय हसून ती म्हणाली, रडतील चार दिवस आणि विसरतील. असा निर्दय हात मी पाहिला नव्हता.”

‘रडतील चार दिवस’ हे माझंच. कुणी तसं म्हणालेलं नाही. पण खरं वाटतं की नाही?

ताईचा फोन आला. काय करतेस म्हणाली. निबंध लिहिला म्हटलं.

मंगळवार, १२

एकोणीस हजार लोकांनी वाचलंय. एकोणीस हजार! शिकवणीत सतरा पोरं होती, त्यातली पाच झोपलेली असायची.

त्यांनी लेखिकाबाईंचा फोटो शोधून काढला, कुठल्याशा जुन्या लग्नातला. तोंडावर चप्पल चिकटवून सगळीकडे फिरवतायत. फोन नंबर मिळाला, मग घर. एकाने त्यांची वाळत घातलेली साडी खालून टिपलीये आणि लिहिलंय, “हिला वारा लागतो, धाकटीला माती.” चांगली ओळ आहे. मी ती रागात टाकली. मग काढून प्रेमात टाकली, कारण मुळात ते धाकटीवरचं प्रेमच आहे ना?

मला तर डोक्यावर घेतलंय. “आतली, तू आहेस म्हणून सत्य आहे.” “आतली ताई, जपून राहा.” काकू पुन्हा बोलायला लागल्या. त्यांनाही आतली फार आवडते. मी एक शब्द बोलले नाही, पण हसू काही लपलं नाही. काकूंनी पुष्कळ पावसाळे पाहिलेत, त्यांनी ते ओळखलं असणार.

गुरुवार, १४

लेखिकाबाई दुपारी माझ्या खोलीत आल्या. दार लावून घेतलं. बसल्या नाहीत.

काल कुणीतरी त्यांच्या वडिलांना फोन केला. त्या इथे ऑफिसात होत्या. फोनवर एक मुलगी होती म्हणे, आवाज गोड. तिने सांगितलं, आजोबा, तुमची मुलगी गेली, उंचावरून पडली, चप्पल निसटली होती. नव्वद वर्षांचा माणूस. त्यांनी ऐकलं, फोन ठेवला, तिचा बिछाना गुंडाळून ठेवला. संध्याकाळी त्या घरी गेल्या तर त्यांनी दार उघडलं आणि विचारलं, कोण पाहिजे? मुलगी वारली माझी, म्हणाले, आज घरात कुणाला घेत नाही. शेजाऱ्यांनी समजावलं तेव्हा आत घेतलं. पण अजून त्या त्यांना मुलगी वाटत नाहीत. आज सकाळी बाईंनीच त्यांना भरवलं. जेवून झाल्यावर म्हणाले, बाई, तुमचे उपकार झाले, आता तुमच्या घरी जा.

हे सगळं त्या अगदी सावकाश बोलल्या, डब्यातलं काय आहे ते सांगावं तसं. मग म्हणाल्या, तू लिहिलंस ना ते?

मी नाही म्हटलं.

वाक्यं चांगली आहेत, त्या म्हणाल्या, पण ‘निर्दय’ तीनदा आलंय. एकदा पुरे असतं.

आणि गेल्या.

मी मान वर केली नाही. तक्ता भरत होते. खरं म्हणजे भरत नव्हते, एकाच रकान्यात शून्य लिहीत होते.

शुक्रवार, १५

लेखिकाबाई आल्या नाहीत. अठ्ठेचाळिसावा भाग सगळ्यांत जास्त लोकांनी पाहिला. मोठ्या बाईंनी सगळ्यांसमोर माझ्या पाठीवर हात ठेवला.

झोप लागत नाहीये. सकाळी उठून पहिली गोष्ट केली ती ही. आतलीच्या नावाने लिहिलं: “मी चुकले. लिहिणारीने नाही ठरवलं, ती तर अडवत होती. तिला सोडा.”

दुपारपर्यंत तेवीस हजार. हे वाचून कुणी थांबेल असं मला वाटलं होतं.

“आतलीवर दबाव आणलाय!” “हे तिचे शब्द नाहीत, तिच्याकडून लिहवून घेतलंय.” “त्या म्हातारीनेच धमकावलं असणार.” “आतलीला वाचवा.” “आतलीला शोधा.”

सगळं प्रेमात टाकावं लागलं. दुसरा रकानाच नव्हता.

सोमवार, १८

लेखिकाबाई गेल्या.

काल दुपारी. त्यांच्या इमारतीच्या गच्चीवरून. कपडे वाळत घालताना तोल गेला असं म्हणतात. ऑफिसात दोन मिनिटं उभे राहिलो. मोठ्या बाई छान बोलल्या. ‘शब्दांचं माणूस’ म्हणाल्या.

त्यांच्या वडिलांना कोण सांगणार, असं मी कुणाला तरी विचारलं. ते म्हणाले, त्यांना गेल्या बुधवारपासूनच माहीत आहे की.

प्रतिक्रिया: अकरा हजार. “न्याय झाला.” “चप्पल निसटली का पण?” “भारी भाग होता.”

भाग?

काल तर रविवार होता. रविवारी कुठला भाग?

मंगळवार, १९

काकू दुपारी माझी वाट बघत दारात उभ्या होत्या, खुशीत. तुझे मित्र येऊन गेले, म्हणाल्या. सातआठ जण, पोरी आणि पोरं, काय गुणी! पाय पुसून आत आली, पाणी मागितलं, मला काकू काकू करत होती. खांद्यांना पत्र्याचे पंख लावलेले, मालिकेतल्यासारखे. आतली इथेच राहते ना विचारलं. मी म्हटलं हो तर, वरच, आमचीच पोरगी आहे ती.

माझे इथे मित्र नाहीत.

काकूंना कसं कळलं विचारलं. म्हणाल्या, अगं तुझ्या तोंडावरूनच. आणि दुकानात, दवाखान्यात, सगळ्यांना सांगितलं मी. अभिमान वाटतो गं.

बुधवार, २०

एक व्हिडिओ आलाय. माझ्या फोनवर, थेट. नाव: ‘भाग सत्तेचाळीस, दुरुस्त’.

चौदा मिनिटं. मी ऑफिसच्या बाथरूममध्ये बसून पाहिला.

गच्ची. भर दुपार, ऊन. लेखिकाबाई प्लास्टिकच्या खुर्चीवर. हातात कागद. मुलं बाजूला, पंख लावून. त्यांच्याकडून प्रसंग नव्याने लिहून घेतलाय, त्यात धाकटी वाचते. त्या तो वाचून दाखवतात. आवाज कापतो, पण वाचतात मात्र नीट, स्वल्पविरामाला थांबून. वाचून झाल्यावर मुलं टाळ्या वाजवतात. खरोखर. एक मुलगी रडते. छान लिहिलंत म्हणते. तोच गोड आवाज असणार.

मग ती विचारते, आधीच असं का नाही लिहिलंत?

लेखिकाबाई सांगतात. कुणी ठरवलं ते. आणि आतलीने खोटं लिहिलं ते. माझं नाव घेत नाहीत. म्हणतात, नवीन पोरगी आहे, तिला कळलं नसेल.

मुलं एकमेकांकडे बघतात. एक जण हळूच म्हणतो, म्हणजे ही नव्हे?

दुसरा म्हणतो, आता एवढं चढून आलोय.

पुढचं मी लिहिणार नाही.

चप्पल निसटली नव्हती. त्यांनी नंतर काढून ठेवली, कठड्यावर, नीट, आणि ती जवळून टिपली.

शेवटी काळ्यावर पांढरी अक्षरं: “कसा वाटला? आतली ताई, प्रतिक्रिया कळवा. आम्ही वाट बघतोय.”

गुरुवार, २१

सकाळी मोठ्या बाईंना दाखवला. चौदाच्या चौदा मिनिटं पाहिला, पापणी न लववता. मग विचारलं, कितीजणांनी पाहिलाय?

मी म्हटलं तुम्हीच सांगितलं होतं मला लिहायला. त्या म्हणाल्या, मी भिंतीकडे बघत होते. दुपारी माझं कार्ड दाराला चालेना.

पोलीस चौकी. टेबलामागच्या हवालदारांनी पाहिला, अर्धाच. हसले. वायर लावून करतात हो हे, म्हणाले, तुम्ही टीव्हीवाल्या असून कसं कळत नाही? बाई पडल्या तो अपघात, नोंद झालीये. पोरांनी मागाहून नक्कल केली असेल. मी म्हटलं बाई त्याच आहेत, खऱ्या. ते म्हणाले, मेकअप.

मग खुर्ची पुढे ओढून, आवाज उतरवून — तुम्ही म्हणजे त्या आतली का? धाकटी परत येणार का हो? बायको रोज विचारते.

ताईला फोन केला. उचलला नाही. नंतर तिचा निरोप आला. भाच्याने तिला काहीतरी दाखवलंय. “तू असं का केलंस गं त्या म्हातारीला? आई रडतेय.” एवढंच.

मी सकाळच्या गाडीने निघते. कुठेही. बॅग भरली.

शुक्रवार, २२. सकाळ

गाडी गेली. जिन्यात होते ते. पायरीवर बसलेले, अगदी शिस्तीत, एका बाजूने, येणाऱ्याजाणाऱ्याला वाट ठेवून. मला बघून उभे राहिले. एकीने नमस्कार केला. मी परत वर —

कडी लावली. कपाट ओढून लावलं दाराला.

अकरा वाजता

काकूंना खिडकीतून हाक मारली. अंगणात खुर्ची टाकून बसल्यात. वर बघून हात हलवला. कालच त्यांनी जादा किल्ली देऊन ठेवलीये मुलांना — बक्षीस द्यायचंय म्हणाली पोरं, तुला चकित करायचंय. तू पण ना, म्हणाल्या, उघड की.

मी ओरडले, काकू, त्यांनी मारलंय बाईंना.

म्हणाल्या, बरं केलं.

साडेबारा

त्यांनी मतं मागवलीयेत. पानावर. “आतलीचं काय करायचं?” फोन हातात आहे, थांबत नाहीये. मदत मागितली मी तिथेच, आतलीच्या नावाने, पत्त्यासकट. त्यावर हसण्याची चित्रं. “काय अभिनय!” “हिला पुरस्कार द्या.” “या वेळी चप्पल निसटू दे.”

सवयीने रकाने आखले. इथेच, वहीत. हात ऐकत नाही.

प्रेम ३१२०. राग ४०. रडणं ६. धमकी ०. फालतू —

धमकी शून्य. एकानेही धमकी दिलेली नाही. सगळे प्रेमाने —

दोन

ताई, वही तुझ्या पत्त्यावर — खिडकीतून टाकली तर कुणी —

नको. खाली तेच उभे आहेत. कॅमेरा वर.

मी लेखिकाबाईंना सांगणार होते. त्या खोलीत आल्या त्या गुरुवारी. मान वर करून एवढंच, की हो, मी —

किती वाजले

किल्ली घातली. कपाट थरथरतंय. सरकतंय, बोटभर. पुन्हा बोटभर. ढकलताना एक दोन तीन म्हणतायत, हसतायत, एकाला कोपर लागलं वाटतं, सगळे त्याला सॉरी —

बाहेरून एक मुलगी लाडाने म्हणतेय, ताई, या ना, उशीर नका करू, ऊन उतरलं की चेहरा नीट येत नाही —

गोड आवाज आहे. खरंच गोड

मी लिहितेय म्हणून सांगितलं. ती म्हणाली, लिहा लिहा, तेही घेऊ, फक्त या वेळी खरं —

बोटं आत आलीत, दाराच्या फटीतून, पत्र्याचा पंख, तो आधी